लागण एड्सची होत नाही, एवढं तरी मथळ्यात येऊ द्या

रेवसच्या धक्क्यावर करंजाची तर लागेपर्यंत चहाच्या टपरीवर पेपर हातोहात फिरतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यात एक बातमी ठरलेली असते: एड्स जनजागृती फेरी, मान्यवरांची नावं, लाल फीत लावलेल्या मुलांचा फोटो. तपासणी कुठे होते, तेवढं मात्र नसतं. मथळ्यात 'एड्सची लागण' नाहीतर 'एड्सग्रस्त'. मग कुणीतरी पेपर घडी करून म्हणतं, "एड्स झाला म्हणजे खेळ खल्लास." हे इतक्यांदा ऐकलंय, की आता संताप येतो.

एड्सची लागण कुणालाच होत नाही. लागण होते ती एचआयव्ही या विषाणूची. तो रक्तातल्या सीडी-4 या रोगाशी लढणाऱ्या पेशी हळूहळू संपवतो. या पेशी घन मिलिमीटरमागे 200 च्या खाली गेल्या, किंवा क्षयासारख्या काही ठरावीक आजारांनी गाठलं, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. काहीच उपचार घेतले नाहीत तरी तिथवर पोहोचायला बहुतेकांना बरीच वर्षं लागतात. वेळेवर औषध सुरू केलं तर बहुतेक जण तिथवर पोहोचतच नाहीत. ही एआरटी औषधं सरकार 2004 पासून मोफत देतं, आणि 2017 पासून सीडी-4 कितीही असो, निदान होताच ती सुरू करण्याचं धोरण आहे. बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. 'एड्सग्रस्त' वाचणारा खलाशी मनाशी म्हणतो, मरायचंच आहे तर तपासून काय करू? तो जात नाही. अंगावर उठतं तेव्हा जातो, आणि तोवर पेशी खरोखरच 200 च्या खाली गेलेल्या असतात. मथळ्यातला एक शब्द माणसाला दवाखान्यापासून लांब ठेवतो, तो असा.

आणखी एक गोष्ट पेपरात अभावानेच येते. औषधाने विषाणू रक्तात मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. पटणार नाही, म्हणून दाखला देतो. 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या पार्टनर-2 या अभ्यासात युरोपातली 782 पुरुष जोडपी होती. प्रत्येकात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. कंडोमशिवाय संबंध येऊनही उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही.

बाकीचे समज झटपट. बोटीवर एकाच टोपातलं कालवण, एकाच पिंपातलं पाणी: यातून एचआयव्ही होत नाही. जाळं ओढताना कापलेल्या हाताचं रक्त मासळीला लागलं, तर ती मासळी शिजवून खाणाऱ्याला होत नाही. हा विषाणू माशात वाढत नाही. डासानेही पसरत नाही, डास चावताना लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नव्हे. आईला असला की बाळाला होणारच, हेही खोटं. आईने औषध नीट घेतलं तर धोका 5 टक्क्यांच्याही खाली येतो.

बातमीदारांना एक सांगणं. नाव छापलं नाही म्हणून ओळख लपली, असं समजू नका. 'अमुक आळीतला, अमुक बोटीवरचा तरुण' एवढं लिहिलं, की आपल्यासारख्या गावात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. एचआयव्हीबाधितांविषयी द्वेष पसरवणारा मजकूर छापणं हा 2017 च्या कायद्याने गुन्हा आहे; शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची.

या डिसेंबरात मान्यवरांच्या यादीतली दोन नावं कमी करा आणि त्या जागी एवढंच छापा: एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसी केंद्रात मोफत होते, निकाल गुप्त राहतो, आणि माहितीसाठी 1097 हा क्रमांक फुकट लागतो.