माळ्यावरचा पंखा आणि घरांतील उष्मा

उन्हाळ्यांत सायंकाळीं अंगणांत वारा सुटलेला असतो, पण दाराच्या आंत पाऊल टाकतांच अंगास ऊब लागते, हा अनुभव कोंकणपट्टींतील कोणत्याहि कुटुंबास नवा नाहीं. सूर्य मावळतो, अंगण निवतें, आणि घर मात्र मध्यरात्रीपर्यंत तापलेलेंच राहतें. छताचा पंखा अशा वेळीं खोलींतीलच ऊन हवा फिरवितो. घाम सुकल्यामुळें माणसास बरें वाटतें, परंतु खोलीचा उष्मा त्यानें कमी होत नाहीं. उलट पंख्याच्या मोटारीची थोडी उष्णता त्यांत भरच घालते. घर निववावयाचें असेल, तर आंतील ऊन हवा बाहेर घालविली पाहिजे आणि बाहेरची गार हवा आंत आणली पाहिजे.

ही उष्णता हवेंत थोडी आणि भिंतींत फार असते. विटांच्या एक घनमीटर बांधकामांत तितक्याच हवेच्या हजाराहून अधिक पट उष्णता सांठते. म्हणून पांच मिनिटें खिडक्या उघडून हवा पालटली, तरी तापलेल्या भिंती त्या नव्या हवेस लागलीच ऊन करून टाकतात. भिंतींचा ताप उतरावयाचा, तर गार हवेचा प्रवाह तासन् तास चालू राहिला पाहिजे.

जुन्या घरांनीं ही सोय आपापल्या परीनें केलेली होती. डहाणूजवळील मसोलीच्या परिसरांत वारली कुटुंबांच्या परंपरागत घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वर माती व शेण यांचा लेप दिलेल्या असतात. असा कूड पातळ असल्यानें त्यांत उष्णता फारशी सांठत नाहीं, आणि कूड व छप्पर यांमधील फटींतून चुलीच्या धुरासह ऊन हवा निघून जाते. मंगळुरी कौलांच्या घरांत हेंच काम कौलांच्या सांध्यांनीं होतें. देशावरील धाब्याच्या घरांत तें सवण्यानें होई. ऊन हवा हलकी होऊन वर चढते, तिला वरच्या अंगास वाट हवी, हें तत्त्व सर्वत्र एकच. सिमेंटचा स्लॅब आला आणि ही वरची वाट बंद झाली. शिवाय दिवसां घेतलेली उष्णता हा स्लॅब रात्रीं खालीं झोपलेल्या माणसांवर सोडीत राहतो.

ती वाट यंत्रानें पुन्हा उघडण्याचा एक उपाय अमेरिकेंत, विशेषतः तिच्या दक्षिणेकडील उष्ण राज्यांत, वातानुकूलन यंत्रें घरोघर येण्यापूर्वींच प्रचारांत आला. त्यास तिकडे ‘होल हाउस फॅन’ म्हणतात. इकडे ‘माळ्याचा पंखा’ म्हटल्यास अर्थ लवकर ध्यानांत येईल. सर्वांत वरच्या मजल्याच्या तक्तपोशींत, घराच्या मध्यभागीं, हा मोठा पंखा आडवा बसवितात. तो खोल्यांतील हवा ओढून माळ्यावर ढकलतो. माळ्यावरील तापलेली हवा झरोक्यांतून बाहेर पडते, आणि तिच्या जागीं उघड्या खिडक्यांतून गार हवा आंत शिरते. जेथें माळा नाहीं, केवळ स्लॅब आहे, तेथें जिन्याच्या माथ्यावरील भिंतींत झडपेचा एक्झॉस्ट पंखा बसवून हेंच काम साधतां येतें.

पंख्याचा आकार घराच्या मानानें ठरवावा. हजार चौरस फुटांचें, दहा फूट उंचीचें घर घेतलें, तर त्यांत दहा हजार घनफूट हवा असते. ती तासांत वीस वेळां पालटावयाची, तर पंख्यानें मिनिटास सुमारें ३,३३३ घनफूट हवा ओढली पाहिजे. दर ७५० घनफुटांस एक चौरस फूट मोकळी वाट, या हिशेबानें माळ्याच्या झरोक्यांची एकंदर जागा साडेचार चौरस फूट लागते. झरोक्यांस व खिडक्यांस डांसांची जाळी असल्यास ती जागा आणखी वाढवावी, कारण जाळी वारा अडविते. असा पंखा साधारणपणें २०० ते ६०० वॅट वीज घेतो. दीड टनाच्या वातानुकूलन यंत्रास सुमारें दीड हजार वॅट लागते.

एक धोका मात्र कधींहि विसरूं नये. खिडक्या उघडल्यावांचून पंखा चालू केल्यास घरांतील दाब कमी होतो, आणि हवा मिळेल त्या वाटेनें आंत ओढली जाते; गॅस-गीझरचा धूर नेणारी नळीहि त्यांतून सुटत नाहीं. त्या नळींतून बाहेर जावयाचा धूर उलटा घरांत येतो, आणि त्यांत कार्बन मोनॉक्साइड असूं शकतो. या विषारी वायूस रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेल्या माणसास तो जागें न करतांच मारूं शकतो. म्हणून आधीं खिडक्या, मग पंखा, हा क्रम घरांतील लहानथोरांस पाठ असावा, आणि पंखा चालू असतां गॅस-गीझर लावूं नये.

पंखा गारवा निर्माण करीत नाहीं, तो रात्रीचा गारवा केवळ आंत आणतो. तेव्हां बाहेर गारवा असेल तेव्हांच त्याचा उपयोग. मसोलीच्या बाजूस जानेवारींत पहाटेचा पारा सुमारें १७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत दिवसां समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्रीं जमिनीवरून मतलई वारे वाहतात. त्या दिवसांत पूर्वेकडील खिडकी रात्रीं उघडी ठेवल्यास पंख्याचें निम्में काम वाराच करतो. मे महिन्यांत मात्र पहाटेचें तपमानहि २६-२७ अंशांखालीं क्वचितच जातें आणि हवा दमट असते. तेव्हां भिंती थोड्या निवतील, पण घामाचा त्रास हटणार नाहीं. पावसाळ्यांत तर पंखा ओलच घरांत आणील.

ज्या घरांत वृद्ध किंवा आजारी मनुष्य आहे, तेथें रात्रीची झोप ही चैनीची बाब नव्हे. तेथें दोन साधे तपमापक, एक घरांत व एक बाहेर सांवलींत, टांगावे. बाहेरचा पारा आंतल्याहून दोन-तीन अंश उतरला कीं खिडक्या उघडून पंखा लावावा. सकाळीं ऊन चढूं लागतांच तो थांबवून खिडक्या, झडपा व पडदे बंद करावे. रात्रीं निवविलेल्या भिंती मग दुपारपर्यंत घरास थोडाफार आधार देतात.