स्लॅबखालची रात्र

उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर रात्रीही का उकडते? दिवसभर तापलेला स्लॅब साठलेली उष्णता रात्री खोलीत सोडतो. म्हणून घराचे 'हरित' प्रमाणपत्र पाहण्याआधी आपण छप्पर पाहू. केंद्र सरकारच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'नुसार, आतल्या-बाहेरच्या हवेत एक अंश सेल्सिअस फरक असताना छपराच्या दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक जाते. उष्णतारोधक थर दिल्यास ती घटते. असा थर ज्यांना परवडत नाही, त्यांनाही स्लॅबवर चुना मारता येतो; पांढरा रंग ऊन परतवतो. पडताळून पाहू: दोन सारखे डबे घेऊ, एकाला चुना, दुसऱ्याला काजळी लावू, तासभर उन्हात ठेवू आणि तापमापी मुलांच्या हाती देऊ.