काळ्या शाईतले दुःस्वप्न

नारायण धारप यांच्या भयकथांवर ज्यांचा पिंड पोसला, आणि त्यांतूनच लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या कल्पनासृष्टीची पहिली चाहूल ज्यांना लागली, अशा उल्हासनगर कॅम्प ५ मधील माझ्या वाचनवेड्या स्नेह्यांना जपानी चित्रकार गो तानाबे यांची ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही चित्रकथा मी अत्यंत आग्रहपूर्वक सुचवीत आहे.

लव्हक्राफ्टची मूळ कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या संशोधकांना हिमपर्वतांपलीकडे मानवपूर्व जीवांचे ओसाड नगर आढळते, ही तिची हकीकत. लव्हक्राफ्ट पुष्कळदा भीषणाला ‘अवर्णनीय’ म्हणून शब्दांच्या हद्दीबाहेर ठेवतो. चित्रकाराला मात्र ती सवलत नाही. तानाबे त्या प्राण्यांचे पिंपासारखे धड आणि ताऱ्याच्या आकाराचे मस्तक शास्त्रीय दस्तऐवजातील आकृतीच्या काटेकोरपणाने रेखाटतात, आणि त्या तपशिलामुळेच अंगावर काटा येतो. जोडपानभर पसरलेल्या शिलानगरीत माणसे ठिपक्याएवढी उरतात. रंग कोठेही नाही, आणि संवाद थांबले की स्वप्नातल्यासारखा काळ गोठतो.

डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेची इंग्रजी आवृत्ती दोन खंडांत आहे. पाने मात्र उजवीकडून डावीकडे वाचावीत.