तिथी पाहून निघायचं अभयारण्य

ठाणे खाडीत पक्षी पाहायला जायचं तर घड्याळाआधी पंचांग बघावं लागतं. आमचे वाटाडे दादा दिवा कोळीवाड्यातले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित त्यांना तोंडपाठ. आम्ही गेलो तो दिवस दशमीचा, म्हणजे साडेसातची भरती. "वर आमच्याकडं पानी जरा उशिरा पोचतो. उतरायला लागला का पाखरं दिसतील," दादा म्हणाले, आणि आम्हाला निवांत चहा प्यायला लावला.

सरकारी माहिती थोडक्यात अशी : २०१५मध्ये अभयारण्य, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून अधिक कांदळवन; २०२२मध्ये रामसर दर्जा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाची बोट सुटते.

तिवरांच्या कडेकडेने बोट निघाली. खंड्या, बगळे, पाण्यावर डुलणारे कुरव दिसत गेले. पाणी ओसरून चिखल उघडा पडू लागला तसे शेकाटे आणि तुतारी उतरले. मग दादांनी हात केला त्या बाजूला रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा दिसला. लांबून सगळे सारखेच गुलाबी. दादांनी चोची पाहायला सांगितल्या. गुलाबी चोचीचं टोक तेवढं काळं असेल तर तो मोठा रोहित. सगळी चोचच काळपट लाल असेल तर छोटा. इथे छोट्यांचीच गर्दी जास्त. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते चिखलपाणी गाळत पुढे सरकत होते.

ते गाळून खातात ते मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ. शहराचं सांडपाणी खाडीत येतं आणि त्यावर ते माजतं. पाहुण्यांची अशी सोय झाली, घरच्यांची मात्र गैरसोय. "पाग टाकला का जिताडा, बोय, कोलंबी यायची. आता आधी पिशव्या येतात," दादा म्हणाले. त्यांच्या मुलाने जाळ्याला हात लावलेला नाही.

परतताना मी विचारलं, भरतीला हे पक्षी जातात कुठे? चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं. ते मिळतं भांडुपच्या उदंचन केंद्रामागे आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींत. यांतल्या बऱ्याच जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. त्यांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या; काही ठिकाणी भरतीचं पाणी आत येण्याची वाटच बुजली. नवी मुंबई स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवते, चौकाचौकांत रोहितांचे पुतळे उभारते आणि खऱ्या रोहितांच्या पायाखालच्या जागेवर वाद घालत बसते. खाडीला दर्जा दिला, पण तो ओहोटीपुरताच. भरतीच्या वेळच्या त्या तळ्यांनाही तितकंच संरक्षण हवं.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मे हा काळ चांगला. शेवटचे महिने रोहितांसाठी अधिक खात्रीचे. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, तेव्हा केंद्रात आधी चौकशी करा. दुर्बीण, टोपी आणि पाणी बरोबर घ्या. रिकामी बाटली मात्र घरी परत आणा; खाडीत त्या पुरेशा आहेत.