मोहरी, लापशी आणि डांबरी रस्ता

फराळाची गडबड चालू असतानाच स्वयंपाकघरातून दोन वाट्या मागून आणा. एकीत मोहरी, दुसरीत लापशीचा जाड रवा. दोन्ही ताटात ओता. मोहरी घरंगळत ताटभर होईल. रव्याचा मात्र ढीग उभा राहील. वाचकहो, डांबरी रस्त्याचे एक मोठे मर्म तुम्ही आताच पाहिलेत!

रस्ता बिघडला की आपण डांबराला नावे ठेवतो, फार तर खडीला. खडीच्या फटी भरणाऱ्या वाळूची आठवण कोणालाच होत नाही. नदीची वाळू पाण्याबरोबर घासून बरीचशी गोल, गुळगुळीत झालेली असते. उन्हाने डांबर मऊ पडावे, वरून भरलेले ट्रक जावेत, की हे दाणे मोहरीसारखे सरकतात. रस्त्यावर चाकोऱ्या उमटतात, पावसाचे पाणी त्यांत साचते आणि वाहने घसरतात. दगड फोडून केलेला चुरा कोनेदार व खरखरीत; त्याचे दाणे एकमेकांत अडकून बसतात.

हा गुण मोजायचा कसा? अगदी वाण्याच्या मापासारखा! धुऊन वाळवलेली बारीक वाळू नरसाळ्यातून १०० मिलिलिटरच्या मापात सोडतात. माप ठोकायचे नाही, हलवायचे नाही. शीग पुसून वजन करायचे. तेवढ्याच आकाराचा अखंड दगड २६० ग्रॅम भरत असेल आणि वाळू १५६ ग्रॅम भरली, तर ४० टक्के माप पोकळ. १४३ भरली, तर ४५ टक्के. दाणे जितके कोनेदार, तितकी पोकळी जास्त. जड रहदारीच्या रस्त्याच्या वरच्या थरांसाठी अमेरिकेतील ‘सुपरपेव्ह’ पद्धत किमान ४५ टक्के मागते. सारा फरक १३ ग्रॅमांचा!

पण हे मापही कधी फसवते. फोडलेल्या दगडाचे चौकोनी दाणे नीट रचले जातात. पोकळी कमी भरते, तरी रस्ता टिकतो. म्हणून डांबर, खडी, वाळू यांची वडीच पारखावी लागते. १९३९च्या सुमारास मिसिसिपी राज्याच्या रस्तेखात्यातील ब्रूस मार्शल यांनी ती रीत बसवली. चार इंच व्यासाची, अडीच इंच जाडीची वडी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची आणि यंत्रात दाबून ती किती भार सोसते ते पाहायचे. कडक उन्हात रस्ताही जवळपास तितकाच तापतो.

पुढच्या वेळी रस्त्यावर चाकोरी दिसली, तर डांबराला दोष देण्याआधी एवढेच विचारा: आत मोहरी घातली होती, की लापशी?