नकाशावरील अंतर व प्रवासाचा काळ



अमुक शहर विमानानें किती दूर, हा प्रश्न हल्लीं घरोघरीं ऐकूं येतो. त्याचें उत्तर किलोमीटरांत द्यावें कीं तासांत, याचा विचार आज भोर व वेल्हें या पुणें जिल्ह्यांतील दोन गांवांच्या आधारें करूं.

दोन स्थळांमधील सरळ रेषेंतील अंतरास हवाई अंतर म्हणतात. अक्षांश व रेखांश ठाऊक असले म्हणजे तें घरबसल्या काढतां येतें. अक्षांशाचा एक अंश सुमारें १११ किलोमीटरांचा. रेखांशाचा अंश ध्रुवाकडे आंखडत जातो. आपल्याकडे तो सुमारें १०६ किलोमीटर भरतो. या हिशेबानें वेल्हें हें भोरच्या उत्तरेस १६ व पश्चिमेस २२ किलोमीटर आहे. काटकोन त्रिकोणाचा शाळेंतील सिद्धान्त लावला, कीं कर्ण सुमारें २७ किलोमीटर येतो. तासीं ८०० किलोमीटर वेगाचें विमान एवढें अंतर दोन मिनिटांत तोडील.

परंतु ही रेषा वेळवंडीचें खोरें व राजगडाची डोंगररांग ओलांडून जाते. वेळवंडीवरील भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें. त्याचें पाणी खोऱ्यांत दूरवर पसरलेलें आहे. म्हणून गाडीरस्ता पूर्वेकडून वळसा घेत नसरापूर, मार्गासनी असा जातो. अंतर ४५ ते ५० किलोमीटर होतें आणि दीड तास सहज जातो. राजगडाहून तोरणा तर सरळ रेषेंत अवघा सात किलोमीटर. पण डोंगराच्या धारेनें चालणाऱ्याचे सहा-सात तास मोडतात.

विमानप्रवासांतही हेंच दिसतें. पुणें-दिल्ली हवाई अंतर सुमारें ११५० किलोमीटर आहे. चढण्या-उतरण्यांत वेग कमी असल्यामुळें उड्डाणास दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. पण वेल्ह्याच्या प्रवाशास लोहगांवचा विमानतळ गांठण्यासच जवळजवळ तितका वेळ हवा. शिवाय तेथें आगाऊ पोंचावें लागतें तें निराळेंच.

शहरवासीयांस हा हिशेब केवळ सोयीचा वाटेल. डोंगरांतील माणसास तो जीवनमरणाचा आहे. भातलावणीच्या दिवसांत कोणास सर्पदंश झाला, तर रुग्णालय नकाशावर किती जवळ आहे यास महत्त्व नाहीं. प्रतिविष टोंचलें जाण्यास किती वेळ जाईल, यावर त्याचा जीव अवलंबून. ओढ्याला पूर असेल, दरड कोसळली असेल, तर तोच रस्ता दुप्पट लांब होतो.

यासाठीं दवाखाना किंवा शाळा कोठें असावी हें ठरवितांना नकाशावर वर्तुळें काढून भागणार नाहीं. श्रावणांतल्या पावसांत, पायीं व गाडीनें, तेथें पोंचण्यास किती वेळ लागतो तें मोजावें. अंतराचें खरें माप तेंच होय.