धारावाही तारेवरील चुंबकीय बलाची दिशा

आडवे बल

चुंबकीय क्षेत्रातील तारेतून विद्युतधारा वाहू लागली की तारेवर बल कार्य करते. हे बल धारा आणि क्षेत्र या दोहोंनाही लंब असते. मायकेल फॅरडे यांनी १८२१ मध्ये, खालचे टोक पाऱ्यात बुडालेली धारावाही तार चुंबकाभोवती सतत फिरताना दाखवली. बल सरळ चुंबकाच्या दिशेने असते, तर तार त्याला जाऊन चिकटली असती.

दिशेचे मूळ

धारावाही तारेभोवती स्वतःचे वर्तुळाकार चुंबकीय क्षेत्र असते. तारेच्या एका बाजूस ते बाह्य क्षेत्रात मिळून त्याला प्रबळ करते, तर दुसऱ्या बाजूस त्याच्या विरुद्ध जाऊन ते क्षीण करते. तार क्षीण बाजूकडे ढकलली जाते. दिशा काढण्याची ही रीत ध्यानात राहिली, तर पाठ केलेला नियम विसरला तरी अडत नाही.

डाव्या हाताचा नियम

जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांचा नियम सोयीचा आहे. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट परस्परांना लंब ठेवावे. तर्जनी क्षेत्राची आणि मधले बोट धारेची दिशा दाखवत असेल, तर अंगठा बलाची दिशा दाखवतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक अलिबाग परिसरात सुमारे ३८ मायक्रोटेस्ला असून तो साधारण उत्तरेकडे असतो. तेथे पूर्वेकडे १० अँपिअर धारा नेणाऱ्या एक मीटर तारेवर या घटकामुळे वरच्या दिशेने केवळ ०.०००३८ न्यूटन बल येते. चुंबकाचे क्षेत्र याच्या हजारो पट असते, म्हणूनच मोटर फिरते.

उपयोग

मोटरच्या गुंडाळीच्या समोरासमोरील बाजूंत धारा उलट दिशांनी वाहते. त्यामुळे त्यांवरील बलेही विरुद्ध असतात आणि गुंडाळी फिरते. अर्ध्या फेऱ्यानंतर तीच बले तिला मागे फिरवतील, म्हणून दुभंगलेली कडी धारेची दिशा उलटवते. धारा आणि क्षेत्र दोन्ही एकदम उलटले, तर मात्र बलाची दिशा तीच राहते. घरगुती मिक्सरची मोटर प्रत्यावर्ती धारेवर चालते ती याच कारणाने.

मर्यादा

तार क्षेत्राला समांतर असेल, तर बल शून्य असते. तिरकी असेल, तर क्षेत्राचा तारेला लंब असलेला घटकच विचारात घ्यावा लागतो. जनित्रात प्रवर्तित धारेची दिशा काढण्यासाठी उजवा हात वापरतात. शिवाय नियमातील धारा ही धन प्रभाराच्या वहनाची दिशा आहे. इलेक्ट्रॉनांच्या शलाकेसाठी मधले बोट त्यांच्या गतीच्या उलट धरावे लागते.